डॅशिएल हॅमेट : पाच कादंबऱ्या आणि सत्तावीस वर्षांचे मौन

उत्तररात्र

डॅशिएल हॅमेट या अमेरिकी लेखकाच्या पाचही कादंबऱ्या मी यंदाच्या पावसाळ्यात ओळीने पुन्हा वाचल्या. शेवटची कादंबरी मिटल्यावर, पहिल्या वाचनाच्या वेळी पडला होता तोच प्रश्न पुन्हा पडला, म्हणून हा धागा काढतो आहे. १९२९ ते १९३४ या काळात या माणसाने अमेरिकी रहस्यकथेचे रूप बदलून टाकले आणि त्यानंतर १० जानेवारी १९६१ रोजी न्यूयॉर्कमधल्या रुग्णालयात मरण येईपर्यंत एकही कादंबरी पुरी केली नाही. दारू, हॉलिवूडचा पैसा, फुप्फुसांचा आजार आणि राजकारण ही त्याची चार कारणे नेहमी सांगितली जातात. ती खरी आहेतच, पण मला ती अपुरी वाटतात.

हॅमेटचा जन्म २७ मे १८९४ रोजी मेरिलँड राज्यातल्या सेंट मेरीज परगण्यात एका शेतावर झाला आणि त्याचे बालपण फिलाडेल्फिया व बॉल्टिमोर या शहरांत गेले. घरची परिस्थिती बिघडल्यामुळे १९०८ साली त्याची शाळा सुटली. रेल्वे कंपनीत निरोप पोहोचवण्यापासून त्याने मिळतील ती कामे केली आणि १९१५ मध्ये तो पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेच्या बॉल्टिमोर कार्यालयात लागला. लष्करातले दिवस आणि आजारपण मधे आले, तरी १९२२ च्या आरंभापर्यंत तो हीच नोकरी करत होता.

या नोकरीत काय करावे लागे, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. संशयितावर पाळत ठेवायची, त्याला कळू न देता दिवसच्या दिवस त्याच्या मागावर राहायचे, आणि रात्री खोलीवर येऊन कार्यालयासाठी अहवाल लिहायचा. माणूस किती वाजता बाहेर पडला, कोणाशी बोलला, कोणत्या हातात काय होते, हे त्या अहवालात यायचे. त्याच्या मनात काय चालले असावे, हे लिहिण्याचे पैसे कोणी देत नव्हते. १९२३ साली ‘स्मार्ट सेट’ या मासिकात त्याने आपल्या नोकरीच्या तुटक आठवणी छापल्या. त्यात एक प्रसंग असा आहे की, ज्याच्यावर तो पाळत ठेवून होता तो माणूस रविवारी दुपारी शहराबाहेर फिरायला गेला आणि वाट चुकला, तेव्हा हॅमेटलाच पुढे होऊन त्याला शहराचा रस्ता दाखवावा लागला. प्रसंग एवढाच आहे, त्यावर भाष्य नाही. पुढच्या सगळ्या हॅमेटची बीजे मला या चार ओळींत दिसतात.

१९१८ मध्ये तो लष्कराच्या रुग्णवाहिका दलात भरती झाला, पण देशाबाहेर जाण्याआधीच इन्फ्लुएंझाच्या साथीत सापडला आणि त्यातून क्षयरोग जडला. वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमा येथील रुग्णालयात त्याची जोसेफिन डोलन या परिचारिकेशी ओळख झाली आणि जुलै १९२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी लग्न केले. पाळतीचे काम शरीराला झेपेनासे झाले, तेव्हा तो बसून करता येईल अशा कामाकडे, म्हणजे लिहिण्याकडे, वळला. ‘ब्लॅक मास्क’ या स्वस्त कागदावरच्या मासिकात आलेल्या सुरुवातीच्या गोष्टींवर त्याने पीटर कॉलिन्सन हे नाव घातले. जत्रेतल्या खेळवाल्यांच्या बोलीत ‘पीटर कॉलिन्स’ म्हणजे अस्तित्वातच नसलेला माणूस, तेव्हा कॉलिन्सन म्हणजे कोणाचाच मुलगा नसलेला. ऑक्टोबर १९२३ मध्ये त्याचा बिननावाचा गुप्तहेर पहिल्यांदा अवतरला. तो ठेंगणा, जाड, चाळिशीच्या आसपासचा आहे आणि काँटिनेंटल नावाच्या संस्थेत पगारावर काम करतो. बॉल्टिमोरमध्ये पिंकर्टनचे कार्यालय ज्या इमारतीत होते तिचे नावही काँटिनेंटलच होते.

पाच कादंबऱ्यांच्या अर्पणपत्रिका लागोपाठ वाचल्या तर त्याच्या त्या वर्षांचा प्रवास कळतो. ‘रेड हार्वेस्ट’ (१९२९) ‘ब्लॅक मास्क’चा संपादक जोसेफ शॉ याला अर्पण केलेली आहे. त्याच वर्षीची ‘द डेन कर्स’ अल्बर्ट सॅम्युएल्स या जवाहिऱ्याला आहे, ज्याच्या दुकानाच्या जाहिराती हॅमेट लिहीत असे. ‘द माल्टीज फाल्कन’ (१९३०) पत्नीला, ‘द ग्लास की’ (१९३१) नेल मार्टिन या लेखिकेला आणि ‘द थिन मॅन’ (१९३४) लिलियन हेलमनला, जी पुढे मोठी नाटककार झाली. पहिल्या दोन धनको म्हणावेत अशा माणसांना, पुढच्या तीन स्त्रियांना. सहावी अर्पणपत्रिका नाही.

आता माझे म्हणणे मांडतो. हॅमेटची सगळी पुंजी त्या सात-आठ वर्षांच्या नोकरीची होती. जे पाहिले तेवढेच लिहायचे, ही त्याच्या हाताला लागलेली शिस्त होती, आणि पाहिलेले लिहून संपल्यावर पुढे बनावट माल विकणे त्याला जमले नाही. शेवटच्या कादंबरीचा नायक निक चार्ल्स याच्याकडे पाहा. तो गुप्तहेराचा व्यवसाय सोडलेला, श्रीमंत बायकोच्या मिळकतीवर राहणारा, दिवसभर पिणारा माणूस आहे, आणि लोक त्याला पुन्हा पुन्हा विनवत आहेत की एवढा एक तपास कर. आपण थांबतो आहोत हे हॅमेटने त्या पुस्तकात स्वतःच लिहून ठेवले आहे, असे मला वाटते. इतरांना काय वाटते हे जाणून घ्यायला आवडेल.

शब्दवेध

उत्तररात्र, अहवालाचा मुद्दा तुम्ही फार नेमका मांडला आहे. मी त्याला शैलीच्या बाजूने थोडी पुस्ती जोडतो.

माझ्या पिढीतले बहुतेक जण बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारच्या गोष्टी वाचत मोठे झाले. तिथे निवेदक आपल्याला सतत सांगत असतो की नायक धाडसी आहे, खलनायक क्रूर आहे, आता भयंकर काही घडणार आहे, आणि त्या सांगण्याची एक वेगळी गोडी असते. त्या सवयीने ‘द माल्टीज फाल्कन’ हातात घेतले तेव्हा मी अक्षरशः अडखळलो. कादंबरीभर लेखक एकाही पात्राच्या मनात शिरत नाही. कादंबरीचा नायक, खासगी गुप्तहेर सॅम स्पेड याला राग आला, त्याला वाईट वाटले, अशी वाक्ये तिथे नाहीत. त्याचे डोळे, जबडा, हात आणि बोलणे एवढेच आपल्यासमोर येते.

दुसऱ्या प्रकरणाचा आरंभ मी नमुन्यादाखल सांगतो. रात्री अंधाऱ्या खोलीत दूरध्वनीची घंटा वाजते आणि भागीदाराचा खून झाल्याची बातमी स्पेडला कळते. आपण अपेक्षा करतो की आता त्याच्या मनाची अवस्था येईल. त्याऐवजी लेखक स्पेड सिगारेट कशी वळतो हे सांगतो. कागद किती वाकवला, तंबाखू कडेला सारखी आणि मधे किंचित खोलगट कशी पसरली, अंगठे आणि बोटे कशी फिरली, जिभेने कड कशी ओली केली, हे सगळे एवढ्या सावकाश येते की वाचताना आपला श्वास मंदावतो. या माणसाला दुःख झाले आहे की सुटल्यासारखे वाटते आहे, हे आपल्याला कळत नाही, आणि पुढे कळते की त्या भागीदाराच्या बायकोशी स्पेडचे संबंध होते. मग आपण मागे जाऊन तीच सिगारेट पुन्हा वाचतो.

मात्र तुमच्या निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत नाही. पुंजी संपली म्हणून तो थांबला असे म्हणण्यापेक्षा, त्याने निवडलेली वाटच त्याला त्या कड्यापर्यंत घेऊन गेली, असे मला वाटते. ‘द ग्लास की’ ही त्याची स्वतःची सर्वांत आवडती कादंबरी होती आणि तिच्यात हेच तंत्र आणखी टोकाला गेले आहे. नेड बोमाँट हा नायक मार का खातो, मित्रासाठी की स्वतःसाठी, हे शेवटपर्यंत सांगितलेले नाही. माणसाच्या मनाबद्दल काहीच न सांगता लिहायचे ठरवले, तर त्यापुढे कुठे जायचे? तीसच्या दशकात नवी, रहस्यकथा नसलेली कादंबरी येते आहे असे तो वारंवार जाहीर करत राहिला. त्या कादंबरीला मनाच्या आत जाणे भाग होते, आणि त्याची लेखणी तिथे जाऊ शकत नव्हती.

पानगळ

दोघांचेही लेखन आवडले, पण एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाले आहे आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. उत्तररात्र, तुम्ही पिंकर्टनच्या नोकरीचे वर्णन पाळत आणि अहवाल असे केले आहे. त्या काळात पिंकर्टनचे नाव कामगारवस्तीत कसे घेतले जात असे, हे सांगितल्याशिवाय ते वर्णन पुरे होत नाही. कारखानदारांसाठी संप फोडणे, कामगार संघटनांत आपली माणसे पेरून आतल्या बातम्या मालकांपर्यंत पोहोचवणे, हा त्या संस्थेच्या उत्पन्नाचा मोठा भाग होता. १८९२ साली पेनसिल्व्हेनियातल्या होमस्टेड पोलाद कारखान्याच्या संपात पिंकर्टनच्या शेकडो सशस्त्र माणसांची कामगारांशी लढाई झाली आणि दोन्ही बाजूंची माणसे मेली.

माझे शिक्षण कामगार चळवळीच्या इतिहासात झाले असल्यामुळे ‘रेड हार्वेस्ट’ मला रहस्यकथा म्हणून वाचताच येत नाही. तिच्यातल्या पर्सनव्हिल या खाणींच्या गावाला तिथले लोक पॉयझनव्हिल, म्हणजे विषाचे गाव, म्हणतात. गावाचा मालक एलिहू विल्सन याने संप मोडण्यासाठी बाहेरून गुंड आणले, संप मोडला, आणि गुंड गावातच राहून गावाचे मालक झाले. माँटॅना राज्यातल्या ब्यूट या तांब्याच्या खाणींच्या शहराची छाया तिथे स्पष्ट आहे, आणि ब्यूटचे नाव तर कादंबरीच्या पहिल्याच वाक्यात येते. त्याच ब्यूटमध्ये १ ऑगस्ट १९१७ च्या पहाटे फ्रँक लिटल या कामगार नेत्याला राहत्या जागेतून ओढून नेऊन रेल्वेच्या पुलाला फाशी देण्यात आले.

कादंबरीच्या शेवटाकडे बिननावाचा गुप्तहेर कबूल करतो की या गावाचे विष त्याला चढले आहे, माणसे मारली जाताना पाहण्यात त्याला आता सुख वाटू लागले आहे, आणि आपण असे नव्हतो. मला यात हॅमेटचा स्वतःबद्दलचा जबाब ऐकू येतो. ज्याने मालकांच्या बाजूने काम केले, तो माणूस पुढे कम्युनिस्ट पक्षात जातो, हा योगायोग नाही. तुम्ही राजकारण हे लेखन थांबण्याचे एक कारण म्हणून मोजले आहे. माझ्या मते पहिल्याच कादंबरीपासून तेच त्याच्या लेखनाच्या मुळाशी होते.

उत्तररात्र

पानगळ, तुमचा आक्षेप मान्य आहे. मी त्या नोकरीचे वर्णन लेखनाच्या शाळेसारखे केले आणि तिच्यातली काळी बाजू वगळली, ही माझ्या मांडणीतली उणीव आहे.

फ्रँक लिटलच्या संदर्भात एक गोष्ट मात्र सावधपणे सांगायला हवी. लिलियन हेलमनने लिहिले आहे की, लिटलला मारण्यासाठी खाण कंपनीच्या माणसाने आपल्याला ५,००० डॉलर देऊ केले होते, असे हॅमेट तिला सांगत असे. काही चरित्रकारांना याबद्दल शंका आहे, आणि हेलमनच्या आठवणी नेहमीच काटेकोर नसतात. तरीही तो ही गोष्ट आयुष्यभर सांगत राहिला असेल, तर प्रसंग घडला की नाही यापेक्षा तो आपल्या मनात काय बाळगून होता हे त्यातून अधिक कळते.

शब्दवेध, तुमच्या ‘कड्या’वर मला विचार करावा लागेल. अजून पटलेले नाही.

दूरदेशी

मी गेली अनेक वर्षे सॅन फ्रान्सिस्कोच्या जवळ राहतो, म्हणून प्रत्यक्ष पाहिलेल्या जागांबद्दल थोडे लिहितो. पोस्ट स्ट्रीटवरच्या ८९१ क्रमांकाच्या इमारतीत हॅमेट १९२० च्या दशकाच्या अखेरीस राहत होता आणि ‘द माल्टीज फाल्कन’ त्याने तिथेच लिहिली. सॅम स्पेडची कादंबरीतली खोली म्हणजे हीच खोली, असे जाणकार मानतात. तिथून चालत थोड्या वेळात बुश स्ट्रीटवर, स्टॉकटन बोगद्याच्या वरच्या अंगाला, बरिट स्ट्रीट नावाची आखूड गल्ली लागते. स्पेडचा भागीदार माइल्स आर्चर याचा खून त्याच जागी झाला, अशी पितळी पाटी तिथे भिंतीवर लावलेली आहे, आणि खून कोणी केला हेही तिच्यावर कोरलेले आहे. ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांनी ती गल्ली टाळावी. जवळच्याच एका गल्लीला, जिथे तो काही काळ राहिला होता, १९८८ पासून डॅशिएल हॅमेट स्ट्रीट हे नाव आहे.

त्या चढावरून चालताना मला दर वेळी फ्लिटक्राफ्टची गोष्ट आठवते. धाग्यात अजून तिचा उल्लेख झालेला नाही, म्हणून ती सांगतो, कारण उत्तररात्र यांच्या प्रश्नाचे उत्तर मला तिच्यात आहे असे वाटते.

कादंबरीत एका संध्याकाळी, कोणाची तरी वाट पाहत बसलेले असताना, स्पेड अकारण ही गोष्ट सांगू लागतो. टॅकोमा शहरात फ्लिटक्राफ्ट नावाचा जमीनजुमल्याचा व्यवहार करणारा गृहस्थ होता. चांगला धंदा, बायको, दोन लहान मुलगे, उपनगरात घर. एके दिवशी तो दुपारच्या जेवणासाठी कार्यालयातून बाहेर पडला तो परत आलाच नाही. पाच वर्षांनी त्याच्या बायकोला कोणीतरी सांगितले की तसा माणूस स्पोकेन शहरात दिसला, आणि स्पेड शोधायला गेला. तो फ्लिटक्राफ्टच होता, आणि त्याने जे घडले ते सांगितले. त्या दिवशी एका नव्या इमारतीचे काम चालले होते, तिच्यावरून एक तुळई सुटून त्याच्या अगदी शेजारी पडली. फरशीचा कपचा उडून गालाला लागला, इतकेच. पण त्या क्षणी त्याला वाटले की कोणीतरी आयुष्यावरचे झाकण उघडून आतली यंत्रे आपल्याला दाखवली. आपण नेकीने, शहाणपणाने, व्यवस्थित जगत होतो आणि जग मात्र तसे चालत नाही. मग त्यानेही तसेच, अचानक, सगळे सोडून निघून जायचे ठरवले. दोनेक वर्षे भटकला, पुन्हा त्याच प्रदेशात आला, पहिल्या बायकोसारख्याच एका बाईशी लग्न केले आणि पहिल्यासारखाच संसार थाटला. स्पेड म्हणतो की, यातली हीच बाजू त्याला नेहमी आवडत आली. तुळया पडतात म्हणून तो माणूस त्या पडण्याला जुळवून घेऊन जगला, मग पुढे तुळया पडल्या नाहीत, तेव्हा न पडण्यालाही त्याने जुळवून घेतले.

ज्या टॅकोमात ही तुळई पडते, तिथेच हॅमेट क्षयाने अंथरुणाला खिळून होता. १९२६ साली जवाहिऱ्याच्या कार्यालयात रक्तस्राव होऊन तो कोसळला, तेव्हा दुसऱ्यांदा तुळई पडली. आपल्याला फार दिवस नाहीत, या समजुतीने त्याने पुढची काही वर्षे झपाट्याने लिहिले असावे. तो मेला नाही. मला वाटते, तुळया पडायच्या थांबल्या, आणि त्याने त्यालाही जुळवून घेतले.

खडीसाखर

दूरदेशी, फ्लिटक्राफ्टचा दाखला वाचून मन हेलावले. पण त्या गोष्टीत टॅकोमाला मागे राहिलेली बायकोही आहे, आणि तिच्याबद्दल मला चार शब्द लिहायचे आहेत.

जोसेफिनला दोन मुली झाल्या, थोरली १९२१ मध्ये आणि धाकटी १९२६ मध्ये. नवऱ्याचा क्षय पुन्हा उसळल्यावर आरोग्य खात्याच्या परिचारिकांनी मुलींना त्याच्यापासून दूर ठेवायला सांगितले आणि कुटुंब वेगळ्या घरात राहू लागले. ते वेगळेपण पुढे मिटले नाही. १९२९ च्या अखेरीस तो न्यूयॉर्कला गेला, १९३० मध्ये हॉलिवूडमध्ये हेलमन भेटली आणि दोघांचे नाते शेवटपर्यंत टिकले. हेलमनचे पहिले गाजलेले नाटक ‘द चिल्ड्रन्स अवर’ १९३४ मध्ये रंगभूमीवर आले. त्याचा मूळ विषय हॅमेटनेच तिला सुचवला होता, आणि तिचे मसुदे तो निर्दयपणे तपासून परत देत असे. ज्या वर्षी त्याची शेवटची कादंबरी आली, त्याच वर्षी तिचे पहिले नाटक आले. त्याने लिहिणे थांबवले की ते दुसऱ्याच्या कागदावर नेले, असाही प्रश्न मला पडतो.

पैसा त्याच्याकडे अमाप आला. ‘द थिन मॅन’वर १९३४ मध्येच चित्रपट निघाला आणि त्या मालिकेत एकूण सहा चित्रपट झाले. ‘फाल्कन’ तीनदा पडद्यावर आली आणि तिसऱ्यांदा, १९४१ मध्ये, जॉन ह्यूस्टनच्या दिग्दर्शनाखाली हम्फ्री बोगार्टने स्पेड साकारला. तो पैसा हॉटेलांत, जुगारात, दारूत आणि मागणाऱ्यांच्या हातांत गेला. घरी कधी भरपूर पैसे पोहोचत, कधी महिनोन्महिने पोहोचत नसत. त्याच्या मृत्यूनंतर साहित्याचे हक्क कराच्या थकबाकीपोटी विक्रीला निघाले, तेव्हा हेलमनने एका मित्राच्या साथीने ते ५,००० डॉलरना घेतले, आणि वडिलांच्या पुस्तकांवर मुलींचा ताबा राहिला नाही. हेलमनने ती पुस्तके पुन्हा वाचकांपर्यंत आणली हे खरे आहे. तरीही एका मुलीच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले, तर हा व्यवहार मला पटत नाही.

जुनी_वही

मौनाबद्दल बोलायचे तर त्याच्या १९५१ सालच्या मौनाबद्दल बोलले पाहिजे, कारण तिथे शैली, राजकारण आणि स्वभाव असे तिन्ही मुद्दे एकत्र येतात.

आधी युद्धाबद्दल थोडक्यात. १९४२ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, क्षयाचे व्रण असलेल्या फुप्फुसांसह तो साधा शिपाई म्हणून पुन्हा सैन्यात भरती झाला. त्याला अलास्काजवळच्या अ‍ॅल्यूशियन बेटांपैकी एडॅक बेटावर पाठवले गेले. तिथे त्याने सैनिकांसाठी ‘द एडॅकियन’ हे दैनिक काढले. अमेरिकी सैन्यात गोऱ्या आणि काळ्या सैनिकांना वेगळे ठेवले जात असताना त्याच्या संपादक मंडळात दोघेही एका टेबलावर काम करत होते. बर्फ, धुके आणि वाऱ्याच्या त्या बेटावर तो सुखी होता, असे त्याच्या पत्रांवरून वाटते.

युद्धानंतर तो सिव्हिल राइट्स काँग्रेस या संघटनेच्या न्यूयॉर्क शाखेचा अध्यक्ष झाला. अटक झालेल्या राजकीय कार्यकर्त्यांना जामीन देण्यासाठी संघटनेने एक निधी उभारला होता आणि हॅमेट त्याच्या विश्वस्तांत होता. १९४९ मध्ये दोषी ठरलेल्या अकरा कम्युनिस्ट नेत्यांचा जामीन याच निधीतून भरला गेला. जुलै १९५१ मध्ये शिक्षा भोगायला हजर होण्याच्या दिवशी त्यांतले चौघे बेपत्ता झाले, आणि निधीला पैसे देणाऱ्यांची नावे न्यायालयाने विश्वस्तांकडे मागितली. ९ जुलै रोजी हॅमेट साक्षीला उभा राहिला. त्याने कोणाचेही नाव सांगितले नाही. कागदपत्रांवरची सही तुमची आहे का, या प्रश्नालाही त्याने उत्तर नाकारले. न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली, आणि त्यातली सुमारे पाच महिने त्याने न्यूयॉर्कमध्ये व केंटकीतल्या ॲशलँडच्या तुरुंगात काढली. तिथे त्याच्याकडे शौचालये धुण्याचे काम होते.

हेलमन लिहिते की, त्याला बहुधा देणगीदारांपैकी एकाचेही नाव ठाऊक नव्हते. ठाऊक नाही, एवढे म्हणाला असता तर कदाचित सुटलाही असता. तरी तो तेवढेही म्हणाला नाही. तुरुंगातून बाहेर आला तेव्हा त्याच्या पात्रांवरचे आकाशवाणीचे कार्यक्रम बंद झाले होते आणि थकलेल्या प्राप्तिकरासाठी सरकारने त्याच्या मिळकतीवर टाच आणली होती. ती थकबाकी एक लाख डॉलरहून अधिक होती आणि ती अखेरपर्यंत फिटली नाही.

शब्दवेध म्हणतात की त्याची लेखणी मनात शिरू शकत नव्हती. मला वाटते, ती शिरायला तयार नव्हती, दुसऱ्याच्या मनातही आणि स्वतःच्याही.

शब्दवेध

जुनी_वही, ‘शकत नव्हती’ आणि ‘तयार नव्हती’ यांतला फरक तुम्ही दाखवून दिलात, तो मी स्वीकारतो. माझा शब्द चुकला होता.

उत्तररात्र

इतके विचारपूर्वक लिहिलेले प्रतिसाद वाचून धागा काढल्याचे समाधान वाटते. चर्चेत न आलेल्या दोन गोष्टी सांगतो, कारण त्यांच्यामुळे माझे पहिले मत मला बदलावे लागते आहे.

पहिली गोष्ट दारूची. १९४८ मध्ये प्रकृती ढासळून तो रुग्णालयात दाखल झाला आणि दारू सुटली नाही तर तुम्ही जगणार नाही, असे डॉक्टरांनी त्याला सांगितले. त्याने दारू सोडली. म्हणजे शेवटची बारा वर्षे तो शुद्धीत होता आणि तरीही कादंबरी झाली नाही. ज्यांना दारू हे एकमेव कारण वाटते, त्यांनी या वर्षांचा हिशेब दिला पाहिजे.

दुसरी गोष्ट ‘ट्यूलिप’ या अपुऱ्या लेखनाची. तुरुंगातून सुटल्यावर तो न्यूयॉर्कच्या उत्तरेला कॅटोना या गावी मित्रांच्या आवारातल्या एका लहानशा घरात राहू लागला आणि तिथे त्याने ही कादंबरी लिहायला घेतली. हेलमनने १९६६ मध्ये ती तशीच अपुरी छापली. तिचा निवेदक नुकताच तुरुंगातून सुटलेला, लिहिणे थांबलेला म्हातारा लेखक आहे. ट्यूलिप नावाचा सैन्यातला जुना ओळखीचा माणूस त्याच्याकडे येतो आणि म्हणतो की, माझे आयुष्य घे आणि त्यावर लिही. लेखक नाही म्हणतो, आणि का नाही म्हणतो हे समजावण्यात पानेच्या पाने जातात. त्यात एके ठिकाणी तो म्हणतो की, माणूस थकला असेल तर त्याने विश्रांती घ्यावी, रंगीत बुडबुडे दाखवून स्वतःला आणि गिऱ्हाइकांना फसवू नये.

पुंजी संपली म्हणून तो थांबला, असे मी म्हणालो होतो. ‘ट्यूलिप’ पुन्हा वाचल्यावर दिसते की पुंजी संपलेली नव्हती. क्षयाचे रुग्णालय, एडॅक, तुरुंग, हे सगळे त्या पानांत आहे आणि त्यातले प्रत्येक प्रकरण एका कादंबरीला पुरले असते. पण तिथे पहिल्यांदाच त्याच्या हाताखाली ‘मी’ आला, ज्याला नाव नसलेल्या गुप्तहेराच्या टोपीआड लपता येत नव्हते. सुमारे सतरा हजार शब्दांनंतर लेखन थांबते.

मार्च १९५३ मध्ये सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्या समितीपुढे त्याला बोलावले गेले, कारण परदेशांतल्या अमेरिकी ग्रंथालयांत त्याची पुस्तके सरकारी पैशांनी ठेवलेली होती. त्याच्या साक्षीचे टिपण उपलब्ध आहे. पक्षाबद्दलच्या प्रश्नांना त्याने उत्तर दिले नाही. शेवटी मॅकार्थी यांनी विचारले की, कम्युनिझमशी लढण्याचे काम तुमच्याकडे असते, तर तुम्ही कम्युनिस्ट लेखकांची पुस्तके विकत घेऊन जगभर वाटली असती का? या प्रश्नाला मात्र हॅमेटने उत्तर दिले. तो म्हणाला की, मी जर कम्युनिझमशी लढत असतो, तर मला वाटते, मी लोकांना कोणतीच पुस्तके दिली नसती.